पल्लवीच्या नावचा फोन

“फोन नक्की कोणाच्या नावावर आहे?” काउंटरमागच्या बाईंनी विचारलं.

“माझ्याच.”

त्यांनी कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे. “आणि तुमचं नाव?”

“वैजयंती दिगंबर टाकळकर.”

“मग तुमच्या नावावर नाही. हा नंबर सौ. पल्लवी पराग लाडसावंगीकर यांचा आहे. बंद करायचा असेल तर त्यांनाच यावं लागेल.”

माझ्यामागे सात-आठ माणसं उभी होती. औरंगाबादचा एप्रिल, दुपारचे पावणेबारा, आणि कोपऱ्यातला कूलर हवेपेक्षा आवाजच जास्त करत होता. मी जालन्याहून सकाळच्या एसटीने आले होते, दिवसाची रजा टाकून. पर्समध्ये सात हजार दोनशे रुपये होते. फोन बंद करायचा, मुदतीआधी बंद केल्याचा दंड भरायचा आणि दोनच्या गाडीने परत जायचं, एवढं साधं काम होतं. साध्या कामाला फाटे फुटले की माझं डोकं फिरतं, तेव्हाही फिरायचं.

“पल्लवी मीच आहे,” मी म्हणाले. “म्हणजे होणार आहे. दोन मेला.”

बाईंच्या खांद्याखाली नावाची पट्टी होती, फरहीन शेख. त्यांनी कीबोर्डवरचे हात पहिल्यांदाच काढले, रांगेला शेजारच्या खिडकीकडे वळवलं आणि मला स्टूल पुढे केलं.

“नीट सांगा,” त्या म्हणाल्या.

मी नीट सांगितलं. इथेही तसंच सांगते.

गोष्ट २००४ सालची. तेव्हा मोबाइलचं अप्रूप होतं, आणि एका कंपनीने हँडसेट जवळजवळ फुकटात द्यायला सुरुवात केली होती. फुकट म्हणजे कसं, की तीन वर्षं फोन सोडायचा नाही. सोडलाच तर उरलेल्या प्रत्येक महिन्याचे सव्वादोनशे रुपये दंड. आधीच्या डिसेंबरात आमच्या साखरपुड्यात लाडसावंगीकरांनी मला साडी, अंगठी आणि हा फोन दिला. साडीकडे कोणी फारसं पाहिलं नाही. फोन मात्र पानसुपारीच्या तबकासारखा सगळ्या खोलीत फिरला.

मी जालन्याला एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे, ठरलेल्या दिवशी कोंब मोजायचे आणि जेवढे उगवले तेवढेच लिहायचे, हे माझं काम. पराग वाळूजला औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीत होता. माझे मामा येईल त्याला सांगत होते, “दोघंही तपासनीस. आता आयुष्यभर एकमेकांची खोट काढत बसतील.” पराग यावर छान हसला होता. त्याचं हसणं मला आवडलं होतं, हे कबूल करायला माझी आजही हरकत नाही.

माझं नाव बदलायचं हे त्यांच्या घरात आधीच ठरलेलं होतं. परागच्या आईंनी मुलगा दहावीत असतानाच सुनेसाठी पल्लवी हे नाव काढून ठेवलं होतं, म्हणजे मुलगी कोणतीही येवो, नाव तयार. ताटात तांदूळ पसरून अंगठीने नाव लिहायचा विधी लग्नात व्हायचा होता. पण फोनचा अर्ज साखरपुड्यातच भरायचा होता. परागचा मामेभाऊ अभय त्या कंपनीची कनेक्शनं विकायचा. त्याने अर्ज मांडीवर घेतला आणि म्हणाला, “करार तीन वर्षांचा, लग्न पाच महिन्यांवर. मागाहून नाव बदलायला हेलपाटे कोण घालणार? मी नवीनच नाव टाकतो.” सगळ्यांना ते फार हुशारीचं वाटलं. मलाही वाटलं. पत्त्याच्या पुराव्याला त्यांचं रेशनकार्ड, फोटो माझ्या स्थळाच्या माहितीपत्रकावरचा, आणि सहीच्या जागी परागच्या आई म्हणाल्या, “कर गं सवय आत्तापासून.” मी हसत हसत पल्लवी प. लाडसावंगीकर अशी सही ठोकली. ‘लाडसावंगीकर’ चौकटीत मावेना, म्हणून शेवटचं अक्षर खाली उतरवलं. त्यावरही सगळे हसले.

पहिलं बिल जानेवारीत आलं. माझ्याकडे नाही, औरंगाबादला. फेब्रुवारीच्या एका रविवारी त्यांनी मला साड्या बघायला बोलावलं. चहा झाल्यावर परागचे वडील भास्करराव पाच-सहा कागद घेऊन बसले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला शांत माणूस, कधी आवाज चढवला नाही. कागदांवर मी केलेला प्रत्येक फोन छापलेला होता: नंबर, तारीख, वेळ, मिनिटं. काही नंबरांभोवती लाल पेनाने गोल केले होते.

“पल्लवी, हा देऊळगावराजाचा नंबर कोणाचा? अकरा वेळा दिसतोय.”

तो साहेबरावकाकांचा होता. बासष्ट वर्षांचे, आमच्या कंपनीसाठी गावोगावच्या शेतकऱ्यांकडून बीज-उत्पादन करून घ्यायचे, आणि नमुने रखडले की मला फोन करायला लावायचे. मी सांगितलं. “आणि हा? सत्तेचाळीस मिनिटं?” ती माझी मैत्रीण होती, तिचं बाळ आजारी होतं. तेही सांगितलं. मला त्यात वावगं वाटलं नाही असं नाही. पण माझ्या वागण्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, आणि लपवण्यासारखं नसलं की माणूस जरा मस्तवालच होतो. विचारा काय विचारायचं ते, अशा थाटात मी बसले होते.

मार्चमध्ये गोल वाढले. त्या वेळी भास्करराव म्हणाले, “लग्नानंतर हा देऊळगावराजाचा नंबर दिसायला नको. नोकरीचं काय ते तेव्हा बघूच.” ‘बघूच’ हा शब्द त्यांनी इतका हळू उच्चारला की परागच्या आईंनी मध्येच पुढे केलेल्या करंज्यांच्या ताटलीत तो विरूनच गेला. मी तो जालन्यापर्यंत बरोबर आणला.

पराग रोज संध्याकाळी साडेआठला फोन करायचा. त्याला मी सगळं सांगितलं, जरा चिडूनच. तो म्हणाला, “बाबांचा स्वभावच तसा आहे गं. पस्तीस वर्षं दुसऱ्यांची मोजमापं तपासली त्यांनी. मला तर ते बिल दाखवतही नाहीत. तू मनावर घेऊ नकोस.” आणि मग नेहमीसारखं, “बरं, आज काय काय केलंस? कोणाकोणाशी बोललीस?” मला त्याचं हे विचारणं फार आवडायचं. आमच्या घरात वडिलांनी आईला असं कधी विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. मी रंगवून रंगवून दिवस सांगायचे.

तेव्हा माझ्या मते दोष माणसांत नव्हता, फोनमध्ये होता. म्हाताऱ्याला हातात कागद मिळतो म्हणून तो वाचतो. कागदच यायचा बंद झाला की प्रश्न मिटला. प्रयोगशाळेत साधा फोन होता, कोपऱ्यावर एसटीडी बूथ होतं, आणि लग्न झाल्यावर पराग तर घरातच असणार होता. कंपनीला विचारून मी दंडाचा आकडा काढला. बत्तीस महिने उरले होते, सात हजार दोनशे रुपये. माझा पगार सहा हजार होता. पोस्टातून पैसे काढले आणि कोणाला न सांगता निघाले. सुंठीवाचून खोकला जाणार नव्हता, सुंठ चांगली महाग पडणार होती. पण खोकला जाणार आणि लग्न सुखाचं होणार, याची मला बालंबाल खात्री होती.

फरहीन मॅडमनी हे सगळं मध्ये न बोलता ऐकलं. मग उठून कपाटातून एक पातळ फाइल आणली आणि माझा अर्ज पुढे ठेवला. माझा फोटो, वर लिहिलेलं पल्लवीचं नाव, खाली घसरलेली सही.

“फोटो तुमचाच आहे, ते दिसतंय मला,” त्या म्हणाल्या. “पण बंद करायच्या अर्जासोबत या नावाचं ओळखपत्र लागतं. आहे का काही?”

“कसं असेल? हे नाव अजून कोणाचंच नाही.”

“मग लग्नाचा दाखला आणा. नाव बदललं असं त्यात असलं की लगेच करून देते.”

“म्हणजे फोन बंद करायला आधी लग्न करावं लागेल?”

“कागदाप्रमाणे, हो.”

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो आणि मग हसू आवरेना. त्या पदराने डोळे पुसायला लागल्या. शेजारच्या खिडकीतला माणूस वाकून बघू लागला.

हसणं ओसरल्यावर त्या म्हणाल्या, “थांबा, एक रस्ता आहे बहुतेक. तुमच्या होणाऱ्या मिस्टरांचाही एक अर्ज आहे यात. तो आपण त्यांच्या सहीवर घेतलाय, तर बंद करायचा अर्जही त्यांच्याच सहीवर घेता येईल. साहेबांना विचारते. तोवर हे बघून ठेवा.” त्यांनी पान उलटलं आणि आतल्या केबिनकडे गेल्या.

मी बघितलं. पांढऱ्या कागदावर निळ्या शाईत, वळणदार अक्षरांत अर्ज होता. अक्षर मी ओळखलं, संक्रांतीला त्याच अक्षरातलं शुभेच्छापत्र मला आलं होतं. सदर क्रमांकाचे दरमहा तपशीलवार बिल मिळावे. त्यासाठीचा मासिक पन्नास रुपये आकार मला मान्य असून सहा महिन्यांची रक्कम सोबत भरत आहे. बिल खालील कार्यालयीन पत्त्यावर पाठवावे. खाली वाळूजचा पत्ता, सही, पराग भास्कर लाडसावंगीकर, आणि तारीख. आठ डिसेंबर. साखरपुडा सात डिसेंबरला झाला होता.

फरहीन मॅडम परत आल्या तेव्हा मी विचारलं, “हे तपशीलवार बिल सगळ्यांना येतं ना? आपोआप?”

“नाही. मागावं लागतं. साधं बिल एका पानाचं येतं, नुसती रक्कम.” त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढचं बोलणं गिळलं. साहेब हो म्हणालेत एवढंच हळूच सांगितलं.

मला आधी राग आला नाही. मला लाज वाटली. रोज साडेआठला मी रंगवून दिवस सांगत होते आणि पलीकडे बसलेला माणूस उगवलेले दाणे मोजत होता. महिनाअखेरीस कागद त्याच्याकडे यायचा, तो माझ्या सांगण्याशी ताडून बघायचा, गोल काढायचा आणि वडिलांच्या हातात द्यायचा. विचारायचं काम म्हाताऱ्याचं, समजूत घालायचं काम त्याचं. चार महिने मला हे दिसलं नव्हतं, आणि म्हणे मी तपासनीस.

मी फोन घेऊन बाहेरच्या व्हरांड्यात गेले. तिथे एक लोखंडी बाक होता, उन्हाने तापलेला. उभ्यानेच नंबर लावला.

“अगं, या वेळेला?” पराग म्हणाला. “कुठून बोलतेस?”

“तुझ्या अर्जाशेजारून. आठ डिसेंबरच्या.”

 मागे कारखान्यातल्या यंत्रांचा आवाज येत होता.

“वैजू, तू समजतेस तसं नाही ते. तुझ्यावर संशय वगैरे काही नव्हता. एकदा खात्री करून घ्यावी, एवढंच. सगळेच करतात, कोणी सांगत नाही.”

“झाली का खात्री?”

“जवळजवळ झालीच होती. ते देऊळगावराजाचं तेवढं...”

“किती महिने लागले असते अजून?”

“हे काय विचारणं झालं?”

“नाही, करार तीन वर्षांचा आहे म्हणून विचारलं. सहा महिन्यांचे पैसे तू एकदम भरलेस. लग्नानंतर बिल बंद करणार होतास, की चालू ठेवणार होतास?”

 हो किंवा नाही, एका शब्दाचं उत्तर होतं. त्याने नाही म्हटलं असतं तर मी विश्वास ठेवला असता, इतकी मी तेव्हा त्याची होते. तो म्हणाला, “संध्याकाळी भेटायला ये, शांतपणे बोलू. आईबाबांपर्यंत नको जायला हे.”

“मी येत नाही, पराग,” मी म्हणाले. “दोन मेलाही नाही.”

दोन मिनिटं दहा सेकंद. फोनच्या पडद्यावर दिसलं. पुढच्या बिलात तोही कॉल आला असणार, त्याच्याच नंबरसमोर. त्याला गोल केला की नाही कोण जाणे.

मी आत जाऊन स्टूलवर बसले. फरहीन मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

“त्यांना कधी पाठवताय? सही लागेल.”

“काही बंद करायचं नाही आता.”

“आणि दंड?”

“तो पल्लवी लाडसावंगीकरांकडून घ्या. आल्या की.”

“येतील त्या?”

“छे,” मी म्हणाले. “कुठून येणार?”

दोनची गाडी मिळाली. घरी पोचले तेव्हा वडील ओसरीवर बसून पत्रिकांवर हळदीकुंकवाची बोटं लावत होते. साडेतीनशे छापल्या होत्या, शंभरेक झाल्या होत्या. मी समोर बसून सगळं सांगितलं. त्यांनी बोट हवेतच धरलं होतं, कुंकू वाळून गेलं.

“तुला काय वाटायलंय ते सांग,” ते म्हणाले. “लोकांचं नको सांगू.”

“मला नाही करायचं हे लग्न.”

“बरं,” ते म्हणाले आणि बोट धोतराला पुसलं. आई आत रडत होती, ते आम्हाला दोघांनाही ऐकू येत होतं. थोड्या वेळाने त्यांनी पत्रिकांचा गठ्ठा पुन्हा सुतळीने बांधला आणि विचारलं, “फोन कुठाय?”

दुसऱ्या दिवशी ते मामांना घेऊन औरंगाबादला गेले. साडी, अंगठी आणि फोन, तिन्ही एकाच पिशवीत. पराग समोर आला नाही. भास्कररावांनी सगळं मोजून घेतलं आणि अगदी दारात त्यांना दंडाची आठवण झाली. फोन आता कोणी वापरणार नाही, सात हजार दोनशे बसतील, ते कोणी द्यायचे. वडील चपला घालत म्हणाले, “ज्यांच्या नावावर फोन हाय त्यांना विचारा की.” हे वाक्य मामांनी पुढची कित्येक वर्षं लग्नामुंजीत सांगितलं. मीही सांगायचे. नावं ठेवायला माणसं थोडी नव्हती, पण या गोष्टीला खुलून हसली नाहीत अशी माणसं मला भेटली नाहीत. शेवट मी असा करायचे: कंपनीवाले अजून त्या पल्लवीला शोधतायत. पोस्टातून काढलेले पैसे मी एका पाकिटात घालून कपाटात ठेवले होते. माझ्या शहाणपणाचं बक्षीस म्हणून.

जवळजवळ पावणेतीन वर्षं मी ही गोष्ट अशी सांगत होते.

२००७च्या जानेवारीत प्रयोगशाळेत एक बाई आली. तेव्हा नमुने घ्यायच्या टेबलावर मीच बसायचे, विभाग माझ्याकडे आला होता. तिशीच्या आतली, हातात हरभऱ्याची छोटी कापडी पिशवी. भावाच्या शेतातलं घरचं बियाणं आहे, उगवण तपासून हवी, असं म्हणाली. पण पिशवी टेबलावर ठेवेना.

“तुम्ही वैजयंती टाकळकर ना?”

“हो. आपण?”

“मी पल्लवी लाडसावंगीकर.”

मी हसले. मला वाटलं मामांनी कोणाला तरी माझी गंमत करायला पाठवलंय. ती हसली नाही. तिने पर्समधून घडी केलेली झेरॉक्स काढून माझ्यासमोर उलगडली. माझा फोटो, काळपट पडलेला. पल्लवीचं नाव. चौकटीबाहेर घसरलेली माझी सही.

नाव तयारच होतं. परागच्या आईंनी ते वाया जाऊ दिलं नव्हतं. मी नाही आले, ही आली, तांदळात तेच लिहिलं गेलं. आणि वसुलीची माणसं फिरत फिरत अखेर त्या पत्त्यावर गेली, तेव्हा दार उघडायला सौ. पल्लवी पराग लाडसावंगीकर घरात होती. ओळखपत्रासकट.

“तीनदा आले ते,” ती म्हणाली. “व्याज धरून अकरा हजार झाले होते. मी म्हटलं, फोटो माझा नाही, सही माझी नाही. तर हे म्हणाले, कागदावर नाव तुझं आहे, भरून टाक, वाद नको. माझ्या माहेरच्या ठेवीतून भरले. फोटोतल्या तुम्ही कोण, कुठे असता, ते अभयभावजींनी सांगितलं.”

एवढं शरमेने मान खाली जाणं माझ्या वाट्याला आधी कधी आलं नव्हतं, नंतरही नाही. पावणेतीन वर्षं मी ज्या वाक्यावर माणसं हसवली होती ते वाक्य हिच्या दारात जाऊन उभं राहिलं होतं. मी म्हणाले की पैसे मी देते, सगळे देते, सही माझी आहे.

“पैशासाठी नाही आले,” ती म्हणाली. मग दाराकडे एकदा बघून तिने आवाज उतरवला. “मला एवढंच विचारायचं होतं, की तुम्ही त्यांना काय सांगितलंत? माझ्या फोनचं बिल अजून ऑफिसवर जातं. मी पण सगळं सांगून बघितलं. रोज सांगते. तुम्ही नेमकं काय सांगितलंत की ते सुटलं?”

तिला वाटत होतं माझ्याकडे एखादी युक्ती असणार. मला काहीतरी मोठं सांगावंसं फार वाटलं, पण खोटा आकडा लिहायची मला सवय नाही.

“काही नाही सांगितलं,” मी म्हणाले. “मी येत नाही एवढंच म्हणाले. तेव्हा माझं सोपं होतं, लग्न व्हायचं होतं.”

तिने हातातल्या पिशवीची गाठ एकदा घट्ट ओढली. मग पिशवी टेबलावर ठेवली. मी नोंदवही उघडली, कारण मला दुसरं काही सुचेना. वाण, गाव, तारीख लिहिली.

“नमुना कोणाच्या नावाने लिहू?”

“पल्लवी...” ती म्हणाली आणि थांबली. मी पेन टेकवलंच नव्हतं. “रेणुका लिहा. रेणुका विश्वनाथ आष्टीकर.”

मी लिहिलं. ती ते अक्षर न् अक्षर उलट्या बाजूने वाचत होती.

“अहवाल पोस्टाने कुठल्या पत्त्यावर पाठवू?”

“पोस्टाने नको. किती दिवस लागतात?”

“हरभऱ्याला आठ.”

“आठ दिवसांनी मीच येते.”

त्या शंभर दाण्यांचा कागद मी कोणाला हात लावू दिला नाही. पाणी मी घातलं, पाचव्या दिवशी मी मोजले, आठव्या दिवशी मीच मोजले. सकाळी येताना कपाटातलं पाकीट बरोबर आणलं. ती येईल असं माझ्या मनाला पटत नव्हतं. साडेदहाला आली. एका हातात मोठी बॅग होती, दुसऱ्या हाताने दार धरलं होतं.

मी पाकीट पुढे केलं. “सात हजार दोनशे आहेत. वरचं व्याज पगार झाला की देते.”

या वेळी तिने नको म्हटलं नाही. “हे आता लागतील,” म्हणाली, आणि न मोजता पर्समध्ये टाकलं.

मग मी अहवाल दिला. शंभरातले ब्याण्णव उगवले होते. तिने आधी वरचं नाव वाचलं, मग आकडा, आणि मला विचारलं की आष्टीची गाडी कुठून सुटते.